वरच्या शिवेची मोजणी

केरबा कोतवाल शेवटपर्यंत शिपाई झाले नाहीत.

हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. कारण आत्ता रविवारची सकाळ आहे, केरबा अमृतराव पाटलांच्या हरभऱ्यात एका पांढऱ्या डब्याशेजारी उकिडवे बसले आहेत, आणि पुढच्या महिन्यात ते तहसीलला शिपाई होणार हे अख्ख्या बोरथडीला माहीत आहे. ज्याचं अजून काहीच बिघडलेलं नाही अशा माणसाला उगाच घाबरवू नये. तसंही घाबरायचं काम केरबा स्वतःच मन लावून करतात.

"अवो, चहा," नागुबाई बांधावरून म्हणाल्या.

"तिथंच ठेव. जवळ येऊ नको."

"कामून? फुटतो का काय आता?"

"फुटत न्हाई. तुझ्या पायाचा ठसा उमटल."

"उमटू द्या की. माझाच पाय हाय."

"मुद्देमालापाशी ठसा आला की चौकशी लागती."

नागुबाईंनी कप बांधावर ठेवला आणि कमरेवर हात देऊन डब्याकडं सवतीकडं बघावं तसं बघितलं. "त्याला आंघोळ घातली का आज?"

"पुसला फक्त."

"मला कदी पुसलं न्हाई यवढ्या मायेनं," असं म्हणून त्या निघून गेल्या. जाताना मुद्दाम जोरात पाय आपटत गेल्या, म्हणजे ठसे नीट उमटावेत.

डबा गेल्या आठवड्यात आकाशातून पडला होता. लोखंडी कपाटाएवढा, चकचकीत कागद गुंडाळलेला, वर वायरींचा गुंता, आणि त्याच्या मागोमाग नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक अवाढव्य छत्री हळूच येऊन हरभऱ्यावर पसरली. देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या तोंडाशी आमचं गाव. हैदराबादला कुणीतरी मोठे फुगे वर सोडतात, हे आम्ही ऐकून होतो. पण ऐकणं वेगळं आणि अंगणात पडणं वेगळं. पहिल्या दिवशी गावात तीन पक्ष पडले. एक म्हणाला बाँब, दुसरा म्हणाला चीनचा, आणि तिसऱ्या पक्षाचं म्हणणं होतं की काय का असेना, भंगारात चांगला जाईल.

डब्यावर पाच भाषांत चिठ्ठी डकवलेली होती. मराठी मजकूर असा : 'हे वैज्ञानिक उपकरण आहे. धोका नाही. हात लावू नये.' धोका नाही तर हात का लावू नये, आणि हात लावायचा नाही तर धोका नाही कसा, यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली.

केरबांना तलाठी मॅडमचा फोन आला. महामाया मॅडमकडं चार गावं आहेत, त्यामुळं त्या बहुतेक वेळा फोनमध्येच राहतात. वयानं केरबांच्या मुलीएवढ्या. केरबांना त्या मामा म्हणतात.

"मामा, पंचनामा करा. मी सांगते, तुम्ही लिहा. मुद्देमाल ताब्यात घ्या. हैदराबादची टीम सोमवारी येतेय. तोवर ऊन, धूळ, पाणी, पोरं, कशाचाच स्पर्श नको. आणि ऐका, तुमच्या फाईलवर एक शेरा नाही. महिनाभर तसंच राहू द्या."

ही फाईल म्हणजे केरबांच्या पोटातला गोळा. कोतवालाला मानधन असतं. शिपायाला पगार असतो, आणि शिपाई गेला तर मागं त्याच्या बायकोला पेन्शन असतं. सरकारनं मध्ये कोतवाल हे नाव बदलून महसूल सेवक केलं. नाव भारी झालं, पेन्शन तसंच राहिलं, म्हणजे नाहीच. ज्येष्ठतेनं या खेपेला केरबांचा नंबर लागत होता. पुन्हा लागेपर्यंत ते साठीचे होऊन घरी बसणार होते. त्यामुळं हल्ली ते फोन वाजला तरी उभं राहून घेत.

पंचनाम्यात चतुःसीमा लिहावी लागते. वस्तू जिथं सापडली त्याच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय. पूर्वेस पाटलांची विहीर, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस तय्यब दर्जीची करडई, उत्तरेस नाला. केरबांनी हे लिहिलं आणि थांबले.

"मॅडम, वर काय लिहू?"

"वर कशाला?"

"हे पूर्वेकून आलं न्हाई, पश्चिमेकून आलं न्हाई. वरून आलं. वरची शीव कुणाची म्हणून लिहू?"

"मामा, वर काही लिहू नका," मॅडम म्हणाल्या.

राहता राहिली छत्री. रानात ठेवली असती तर हरभऱ्याची आंब लागून डाग पडले असते. कोतवालाच्या घरी पत्र्यातून धूळ. शाळेत उंदीर. केरबांनी फार विचार केला. गावात कापड स्वच्छ, कोरडं आणि नीट घडी घालून राहील अशी एकच जागा होती. म्हणून त्यांनी ती छत्री सांभाळायला तय्यब दर्जीकडं दिली.

पुन्हा सांगतो. मैदानभर कापड, रेशमासारखं, फुकटचं, आणि ते सांभाळायला शिंप्याकडं दिलं. तेही त्याच्या पोरीचं, मलिकाचं, लग्न आठवड्यावर असताना. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच यात काही चुकीचं वाटलं नाही.

नागुबाई गेल्यावर अमृतराव आले. ते पोलीस पाटील, आणि हरभरा त्यांचा. आकाशातून काय पडलं याच्यात त्यांना रस नव्हता. कशावर पडलं यात होता.

"केरबा, माझ्या नुकसानीचं काय झालं?"

"लावलंय पाटील."

"कशात लावलंय?"

केरबांनी मान खाली घातली. नुकसानभरपाईच्या कागदावर अतिवृष्टी होती, पूर होता, रानडुक्कर होतं. 'डबा' नव्हता. "गारपीट," ते म्हणाले.

"गारपीट?"

"वरून पडणाऱ्यात तेवढंच हाय."

अमृतरावांनी एकुलत्या एक गारेकडं बघितलं. मग बांधावर बसून केरबांचा चहा उचलून प्याले. "काय मिळतं रे ह्यांना वर डबे पाठवून?"

"शोध लावतेत म्हणं."

"शोध. आमाला शाळेत होतं. कोलंबस. निघाला हिंदुस्थानला आन् पोचला भलतीकडंच."

केरबा एकदम सावध झाले. "आन् मग? चौकशी लागली का?"

"कशाची चौकशी? पुतळे उभारले."

"वाट चुकला तरी?"

"चुकला म्हणूनच."

केरबांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या नोकरीत असं एकदाही झालं नव्हतं. "पयलं पाऊल त्यानंच टाकलं का जमिनीवर?"

"हाव. तसं चित्र होतं पुस्तकात. हातात झेंडा."

"छ्या." पहिल्यांदाच केरबांचा आवाज ठाम झाला. "साहेब पयला उतरत नसतो, पाटील. आदी कोतवाल उतरतो. पाणी किती खोल हाय, चिखल किती हाय, साप-किरडू हाय का बगतो. मंग हात देतो, मंग साहेब उतरतो. चित्र काढणारा त्याच्या मागून उतरतो."

हे ते उगाच बोलत नव्हते. निजामाच्या बंदोबस्ताच्या वेळी गावाची मोजणी झाली तेव्हा केरबांचे आजोबा साखळीचं पुढचं टोक धरून चालले होते. बाभळी, काटेरान, नाला, सगळ्यात आधी तेच घुसायचे. मागून अंमलदार घोड्यावर. आमच्या गावाची शीव कुठून कुठं जाते हे आजोबांच्या तळपायांनी ठरवलं. नकाशावर सही अंमलदाराची आहे.

तेवढ्यात फोन वाजला. केरबा उभे राहिले.

"मामा, टीम आजच येतेय."

"आज रविवार हाय मॅडम."

"त्यांना रविवार नसतो. तेलंगणाची हद्द सोडलीय त्यांनी. डबा, छत्री, सगळं एका जागी तयार ठेवा. मी पण निघाले."

रविवारी सरकार येत नाही, हा केरबांचा उभ्या आयुष्याचा अनुभव. तो त्या क्षणी संपला. त्यांनी पाटलांना डब्यावर बसू नका असं सांगून डब्यापाशी बसवलं आणि छत्री आणायला गावाकडं पळाले.

पळता पळता त्यांना चिंचेच्या शेंड्यावर काहीतरी दिसलं. नारिंगी-पांढरं. गोल. घुमटासारखं. मोठ्या डौलात हलत होतं.

केरबा थांबले. डोळे पुसले. पुन्हा बघितलं. घुमट तिथंच होता.

तय्यबच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत बारा गावचे लोक मावतील असा मांडव उभा होता. मधोमध उंच बांबू, कडेनं बांबूंची रांग, प्रत्येक बांबूला छत्रीची दोरी. खाली सतरंज्या, खुर्च्या, बिर्याणीचा वास. मधला पडदा लावून पलीकडं बायकांची बाजू. आणि छत्रीच्या अख्ख्या काठानं, इंचभरही न सोडता, सोनेरी गोट शिवलेली.

तय्यब नव्या शेरवानीत धावत आला. "केरबाभाई, आवो, आवो. कसा दिसायला?"

केरबांनी वर बोट केलं. "तय्यबभाई. ह्ये... सरकारी हाय."

"मालूम हाय ना. कात्री नाही लावली. कसम से. देगलूरचा मांडववाला काल फोन करून बोलला, सभा हाय, सगळे मांडव सभेला गेले. आता उदगीरचे बाराती येऊन राहिले. पोरीला उन्हात बसवू? एक दिन की बात हाय. आज संध्याकाळी काढून, इस्त्री मारून घडी करतो. तुमचे साहेब सोमवारी येनार ना?"

"ते आज आलेत."

तय्यबच्या चेहऱ्यावरचा लग्नाचा रंग उतरला. "आज तो इतवार हाय."

"मी बी तेच म्हनलं."

दोघं काही वेळ वर बघत उभे राहिले. वरच्या मधल्या भोकातून निळं आकाश दिसत होतं.

"गोट कामून मारली?" केरबांनी कसंबसं विचारलं.

"किनार उसवून राहिली होती. कापड कायचा पण असो, किनार मोकळी नाही ठेवायची." मग तय्यबनं एक मोठा श्वास घेतला. "सोडा, केरबाभाई. तुमची नोकरी हाय. सोडा दोऱ्या. बोलतो मी उदगीरवाल्यांना, वारा आला, उडाला म्हणून." एवढं बोलून तो वळला आणि खुर्च्या भिंतीच्या सावलीत ओढायला लागला. भिंतीची सावली तीन खुर्च्यांपुरती होती.

केरबांनी पहिल्या बांबूची गाठ हातात घेतली. फोन वाजला. मॅडम. "मामा, मला आत्ता फोटो आला. कुणीतरी स्टेटस ठेवलंय, अंतराळाच्या मांडवात मलिकाची शादी म्हणून. खरं आहे का हे? मामा, मी फाट्यावर पोचेपर्यंत ते कापड खाली पाहिजे. नाहीतर मी काहीच करू शकणार नाही. ऐकताय ना?"

"हाव मॅडम."

फोन खिशात गेला. गाठ हातात होती. पडद्याच्या पलीकडून बायकांचं गाणं चाललं होतं, आणि मधूनच मलिकाचं हसणं. केरबांनी गाठ चाचपली. ढिली होती. तय्यब कपड्यातला माणूस, त्याला दोराची गाठ येत नव्हती. वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला सुटली असती. त्यांनी ती सोडली, दोर दोनदा बांबूभोवती फिरवला, आणि गुडघा लावून पुन्हा करकचून बांधली. मग दुसऱ्या बांबूकडं गेले.

"आले! आले!" पोरं ओरडली.

धुरळा उडवत एक पांढरी गाडी आली. उदगीरचे लोक पांढऱ्या गाडीतून येणार, हे ठरलेलं होतं. त्यामुळं कुणी काही विचारायच्या आत आतल्या चौघांच्या अंगावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, मनगटाला अत्तर लागलं, हातात सरबत आलं. चौघांतले तीन तरुण खुशीत होते. चौथा टक्कल पडलेला, गळ्यात ओळखपत्र, शर्टच्या खिशात तीन पेनं. त्याला तय्यबच्या मेहुण्यानं कडकडून मिठी मारली आणि नवऱ्या मुलाचा मोठा मामू समजून सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसवलं.

त्या टक्कलवाल्या साहेबांनी सरबताचा घोट घेतला, घाम पुसला, आणि वर बघितलं.

बराच वेळ ते वरच बघत होते.

केरबा समोर जाऊन उभे राहिले. सवयीनं हात जोडले गेले. "साहेब, मी कोतवाल. केरबा. माझ्याच ताब्यात दिलं होतं."

"मी गुरुपादप्पा. मूळचा बिदरचा," ते म्हणाले. डोळे अजून वरच. "ही आमची छत्री ना?"

"हाव साहेब."

"हिच्या बॉर्डरला काय ते?"

"गोट, साहेब. किनार उसवत होती."

गुरुपादप्पा उठले, काठापाशी गेले, गोट दोन बोटांत धरून ओढून बघितली. पुन्हा ओढली. तय्यब एका खुर्चीमागं उभा राहून घामानं भिजला होता. "अय्यो," गुरुपादप्पा हळूच म्हणाले. "आमचा टाका असा नसतो हो."

"साहेब, काडतो आत्ता. हुकूम करा." केरबांचा एक हात गाठीवर गेला. "फकस्त कुबूल होऊ द्या. मंग काडतो. मुलगी हाय वो आत."

गुरुपादप्पांनी घड्याळाकडं बघितलं, मग खुर्चीकडं, मग बिर्याणीच्या दिशेला. "सरी, सरी. चालेल. डबा तर शाबूत आहे ना? मग बसू या की. आम्हाला मामू कुणी केलंय, ते तरी बघून जातो."

खरे मामू पाठोपाठच आले. नवरा शहेबाज गाडीतून उतरला, बँड वाजला, आणि मामूंनी मांडवात पाऊल टाकल्या टाकल्या नाक वर केलं. उदगीरची माणसं आधीच थोडी फुगून आली होती, देगलूरकडं सोयरिक करायला तयार नव्हती. "यवढा मोठा मांडव," मामू म्हणाले, "आन् मधोमध भोक?"

"हवा खेळती राहते," गुरुपादप्पा शेजारून म्हणाले.

"आप कौन?"

"मांडव आमचा आहे."

मामूंना हा मांडववाला जरा जास्तच शिकलेला वाटला, पण काझीसाहेब आले म्हणून ते बसले.

निकाहातले वकील आणि साक्षीदार पडद्याआड जाऊन मलिकाचा होकार घेऊन आले. काझीसाहेबांनी निकाहाचा खुतबा वाचायला सुरुवात केली. आणि तेव्हा नाल्याकडून वारा आला.

मांडवाला वारा लागला की तो फडफडतो. छत्रीला वारा लागला की ती आपलं काम करते. तिला कुणीही सांगितलेलं नसतं की आपण आता मांडव आहोत. आधी ती पोट भरल्यासारखी फुगली. मग मधला बांबू जमिनीपासून टीचभर उचलला गेला. तसाच खाली टेकला. पुन्हा उचलला गेला. काझीसाहेबांनी एक डोळा उघडून बांबूकडं बघितलं आणि वाचनाचा वेग वाढवला.

"धरा!" गुरुपादप्पा ओरडले. खुर्ची मागं पडली. "वाऱ्याची बाजू धरा, खाली ओढा! ए, ती दोरी सोडू नको!"

केरबांनी झेप घालून एक दोर पकडला. गुरुपादप्पांनी शेजारचा. त्यांची तीन पोरं पलीकडं. डब्याला वाऱ्यावर सोडून आलेले अमृतराव, कारण त्यांना बिर्याणीचा वास गेला होता, तेही एका दोराला लटकले. मामू काही वेळ प्रतिष्ठेनं बसून राहिले. मग त्यांची खुर्चीच सतरंजीसकट सरकायला लागली, तसे उठून त्यांनी अमृतरावांची कंबर धरली. अशा रीतीनं उदगीर आणि बोरथडीची सोयरिक पक्की झाली.

"साहेब," केरबा दातओठ खात म्हणाले, "ही छत्री वर किती जाती?"

"ढगांच्या कितीतरी वर."

"काय असतं तिथं?"

"काही नाही." गुरुपादप्पांचा चेहरा लाल झाला होता. "भर दिवसा काळं आकाश. लई गार. आम्ही तिथली धूळ मोजतो."

"माणूस जातो का?"

"माणूस कसा पाठवायचा एकदम? आधी डबा पाठवायचा. डबा बघून येतो, हवा कशी, थंडी किती. डबा नीट आला तर पुढं कधी तरी माणूस."

केरबांच्या खिशात फोन वाजायला लागला. दोन्ही हात दोराला होते. फोन वाजत होता, छत्री ओढत होती, केरबांच्या टाचा हळूहळू जमिनीत चर पाडत पुढं सरकत होत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर भलताच विचार दिसत होता.

"म्हंजे साहेब," ते म्हणाले, "डबा कोतवाल हाय."

गुरुपादप्पांनी त्यांच्याकडं वळून बघितलं. फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"कुबूल है," शहेबाज म्हणाला. बांबू उचलला गेला.

"कुबूल है." बांबू टेकला.

तिसऱ्यांदा तो म्हणाला तेव्हा वारा पडला, छत्री सुस्कारा टाकून खाली आली आणि नवरा, काझी, मामू, अमृतराव, सगळे नारिंगी कापडाखाली दिसेनासे झाले. कापडाखालून "मुबारक, मुबारक" असे आवाज येत राहिले. एवढी घट्ट मिठी उदगीरवाल्यांनी कुणाला मारली नसेल.

महामाया मॅडम पोचल्या तेव्हा कापड खाली होतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे.

पण तोवर व्हिडिओ वर गेला होता, आणि तो कुणाच्या दोरानं खाली येणार नव्हता. नांदेडच्या एका चॅनलनं दाखवला, मग लातूरच्या, मग नाव नसलेल्या शंभरांनी. त्यात गुरुपादप्पा ओळखू येत नाहीत, मामूंची नुसती टोपी दिसते, अमृतरावांचं तर धोतरच. केरबा मात्र समोरून दिसतात. खाकी सदरा, दोर खांद्यावरून, तोंड उघडं. गुरुपादप्पांनी आपल्या कागदात लिहिलं की सामान पूर्ण व सुस्थितीत मिळालं, किनार पूर्वीपेक्षा मजबूत. जाताना त्यांनी तय्यबकडं सोनेरी किनारीचा थोडा जास्तीचा तुकडा मागून घेतला, आणि केरबांच्या हातात हात दिला. पण त्यांचा कागद हैदराबादला गेला. केरबांचा कागद दुसऱ्या दिशेनं आला.

नोटिशीत दोन आरोप होते. ताब्यातील मुद्देमालाचा खाजगी समारंभास वापर. आणि वरिष्ठांचा फोन न उचलणे.

मॅडम स्वतः घरी आल्या. फोनवर नाही, खरोखरच आल्या. त्यामुळं नागुबाईंना आधी वाटलं कुणी वारलं. मॅडमनी चहा घेतला, पण कप हातातच धरून बसल्या.

"मामा, अजून शिपायांची यादी निघालेली नाही. एक रस्ता आहे. खुलाशात एवढंच लिहा, कापड तय्यबनं मला न विचारता मांडवाला लावलं. मी ड्युटीवर रानात होतो. खोटं थोडीच आहे? तुम्ही सुटाल."

"आन् तय्यबभाई?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "त्याच्यावर केस होईल. लहानशीच."

"पोरगी नवी गेलीय उदगीरला."

"मामा, पेन्शनचा विचार करा. मामींचा करा."

दोघांनी नागुबाईंकडं बघितलं. त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत. "माझ्याकडं काय बगायलाव?" त्या म्हणाल्या. "गाठी कुणी बांधल्या करकचून? मी तिथंच होते, बायकांत. सगळ्या गाठी बांधत फिरत होते हे. नवरीच्या बापासारखे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मॅडम, चहा गार झाला. दुसरा ठेवते."

मॅडम गेल्या. केरबा ओसरीवर बसले. संध्याकाळ होत होती आणि पूर्वेला, तेलंगणाच्या बाजूनं, फार उंचावर एक पांढरा ठिपका दिसत होता. तारा नव्हता. तारे निघायचे होते. मावळत्या उन्हात तो एकटाच चकाकत होता, आणि इतका सावकाश सरकत होता की पुढं काय आहे ते चाचपत चालल्यासारखा वाटत होता.

"आणखी एक सोडला वाटतं," केरबा म्हणाले.

"पुन्हा पाटलाच्याच हरभऱ्यात पडूद्या म्हंजे झालं," नागुबाई आतून म्हणाल्या.

केरबांनी पाटीवर कागद ठेवला, पेन झटकलं आणि खुलासा लिहायला घेतला. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून, पाय आपटत, ते तो स्वतः देऊन आले. पोच घेतली. तो खुलासा असा :

'प्रति, मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदार केरबा, कोतवाल (नवीन नाव महसूल सेवक), मौजे बोरथडी.

'विषय : नोटिशीचा खुलासा, व एक विनंती.

'महोदय, आरोप एक खरा आहे. कापड अर्जदाराने शिंप्याकडे दिले. गाठी अर्जदाराने बांधल्या. इतर कोणाचा दोष नाही. आरोप दोन खरा आहे. फोन वाजत होता. हात मोकळे नव्हते.

'विनंती अशी की, मौजे बोरथडीची पूर्व, पश्चिम, दक्षिण व उत्तर शीव निजामकाळापासून नोंद आहे. वरची शीव नोंद नाही. त्यामुळे वरून येणाऱ्या वस्तूचा पंचनामा पुरा होत नाही, व नुकसान गारपिटीत लावावे लागते. तरी वरच्या शिवेची मोजणी करण्यात यावी. मोजणीचे वेळी वहिवाटीप्रमाणे साहेबांच्या आधी पुढे चालण्यास कोतवाल लागतो. आजपर्यंत त्या कामी डबे पाठवण्यात आले, त्यांनी काम चोख केले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. परंतु आता माणूस पाठवण्याची वेळ आल्यास अर्जदाराचा प्रथम विचार व्हावा. अर्जदाराचे आजोबांनी हेच काम केले आहे. भाकरी अर्जदार घरून आणेल. प्रवासभत्ता नको.

'उतरताना तीच छत्री मिळावी, व तिची गोट उसवू नये, ही विनंती.'